एक्सटी६० चार्जिंग लीड: बाजारातली तयार आणि हाताने सोल्डर केलेली

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चार्जरला लावली, दोन मिनिटं व्होल्टेज वर चढलं आणि स्क्रीनवर 'कनेक्शन ब्रेक' आलं. वायर जरा हलवली की पुन्हा चालू. आरसी (रिमोटवर चालणारं) विमान, ड्रोन किंवा गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रकार माहीत असतो. संशय मात्र जातो बॅटरीवर. ती बाजूला पडते, नवी मागवली जाते आणि थोड्याच दिवसांत नवीही तशीच वागायला लागते.

खरं तर आधी पाहायची ती चार्जरची लीड, म्हणजे चार्जर आणि बॅटरी जोडणारी वायर. तुमच्याकडे सहा बॅटऱ्या असतील आणि सगळ्या एकदा चार्ज केल्या, तर चार्जिंगपुरता प्रत्येक बॅटरीचा कनेक्टर एकदा घासला जातो, लीडचा मात्र सहा वेळा. झीज सगळी तिथे होते. तरीही बदलण्याच्या यादीत लीड शेवटची असते, कारण ती चार्जरच्या डब्यातून फुकट आलेली असते आणि फुकट आलेल्या वस्तूकडे कोणी लक्ष देत नाही. म्हणून इथे परीक्षण आहे ते या लीडचंच: ऑनलाइन मिळणारी बिननावाची तयार लीड एका बाजूला, आणि अमास कंपनीचे सुटे एक्सटी६० (बॅटरीला लागणारे पिवळे कनेक्टर), सिलिकॉन वायर आणि चार्जरमध्ये खोचायचे ४ मिमी बनाना प्लग आणून हाताने जोडलेली लीड दुसऱ्या बाजूला. जोडीला बॅलन्स एक्स्टेन्शन (बॅटरीतल्या प्रत्येक सेलचं व्होल्टेज चार्जरला दाखवणाऱ्या बारीक वायरींची जोडवायर), कारण अर्ध्या तक्रारी तिथून येतात.

एक्सटी६० नेमका कुठे ढिला होतो

पिवळ्या नायलॉनच्या घरात ३.५ मिमीचे पितळी संपर्क असतात, वर सोन्याचा पातळ मुलामा. बॅटरीच्या बाजूला साध्या पोकळ नळ्या असतात. चार्जरच्या बाजूला पिना असतात आणि त्या पिनांना अधिक चिन्हासारखी चीर असते. चिरेमुळे पिनेचे चार पाय होतात, ते स्प्रिंगसारखे बाहेर दाबतात आणि नळीला आतून धरतात. सगळी पकड या चार पायांवर आहे. ते आत दबले की कनेक्टर बाहेरून घट्ट दिसतो, कारण प्लास्टिक प्लास्टिकला धरून असतं, पण आत धातू धातूला जेमतेम टेकलेला असतो.

अमास एक्सटी६० साठी सलग ३० अँपिअरचं रेटिंग देते. चार्जिंग आपण २ ते ५ अँपिअरने करतो. म्हणजे ३ अँपिअरला जो एक्सटी६० हाताला कोमट लागतो, तो लहान पडत नाहीये, तो बिघडलेला आहे. 'एक्सटी९० (याच जातीचा मोठा कनेक्टर) लावून टाका' हा सल्ला अशा वेळी चुकीचा ठरतो.

सांगली भागात यात आणखी एक गोष्ट मिसळते. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबागेच्या शेडमध्ये ड्रोनच्या बॅटऱ्या आणि द्राक्षाच्या भुरी रोगावर धुरळायच्या गंधकाचं पोतं एकाच फळीवर असतं. गंधकाने तांबं आणि पितळ काळं पडतं. मुलामा शाबूत असेल तोवर एक्सटी६० ला फारसं काही होत नाही, पण पिनेच्या कडा घासून पितळ उघडं पडलेलं असेल तर तिथे काळसर थर धरतो आणि रेसिस्टन्स वाढतो. बोर्डो मिश्रणाचे शिंतोडेही तितकेच वाईट, त्यात मोरचूद असतो. बॅटऱ्या आणि लीड घरात झाकणाच्या डब्यात ठेवा, औषधांच्या खोलीत नको.

बीपवर विश्वास ठेवू नका

लूज काँटॅक्ट शोधायला बहुतेक जण मल्टिमीटर बझरवर लावतात. बीप वाजला की लीड चांगली असं धरतात. बझर कित्येक ओहमपर्यंतही वाजतो आणि आपला शत्रू आहे ०.१ ओहमचा. तो बझरला दिसणारच नाही. साध्या मीटरच्या २०० ओहम रेंजवरही नाही, कारण मीटरच्या प्रोबचा स्वतःचा रेसिस्टन्स त्याहून जास्त भरतो.

दोष दिसतो तो करंट वाहताना. चार्जर मेन व्होल्टेज आणि सेलची व्होल्टेज वेगवेगळी दाखवत असेल (आयमॅक्स बी६ सारखे साधे चार्जरही दाखवतात), तर एकही वायर न सोलता लीड तपासता येते. बॅटरी अर्धी चार्ज झालेली घ्या. चार्जर ०.२ अँपिअरवर लावा, मेन व्होल्टेज लिहा, सगळ्या सेलची बेरीज लिहा, फरक काढा. मग करंट २.२ अँपिअर करा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा फरक काढा. समजा पहिला फरक ०.०२ व्होल्ट आला आणि दुसरा ०.२४. वाढ झाली ०.२२ व्होल्टची, करंट वाढला २ अँपिअरने, म्हणजे वाटेतला रेसिस्टन्स ०.११ ओहम, ११० मिलीओहम. दोनदा मोजायचं कारण असं की स्वस्त चार्जरचे दोन्ही आकडे मुळातच एकमेकांशी थोडे चुकलेले असतात. वजाबाकीत ती चूक निघून जाते.

चांगल्या लीडला किती यावा? १४ गेजच्या तांब्याच्या वायरचा रेसिस्टन्स मीटरला साधारण ८.३ मिलीओहम. ३० सेंमीची लीड, दोन वायरी मिळून ६० सेंमी, म्हणजे ५ मिलीओहम. त्यात कनेक्टर आणि बॅटरीची स्वतःची वायर धरली तरी एकूण १५ ते २० मिलीओहमच्या आत बसायला हवं. ५० च्या वर गेला तर शोध घ्या, १०० च्या वर गेला तर ती लीड वापरू नका.

११० मिलीओहम ऐकायला किरकोळ वाटतो. २.२ अँपिअरला त्यातून अर्धा वॅट उष्णता निघते. ५ अँपिअरला पावणेतीन वॅट, आणि ती सगळी एका पिनेच्या टोकाशी. नायलॉन मऊ होतं, पिना वाकडी बसते, पकड आणखी कमी होते, उष्णता आणखी वाढते. पिवळं प्लास्टिक एका बाजूला तपकिरी दिसायला लागलं की हे चक्र सुरू झालेलं आहे. शिवाय चार्जर स्वतःच्या टोकाचं व्होल्टेज पाहून करंट लवकर कमी करायला लागतो. तासाभराचं चार्जिंग दीड-दोन तास रेंगाळतं आणि दोष पुन्हा बॅटरीच्या माथी येतो.

नेमकी जागा शोधायला मीटर २०० मिलीव्होल्ट डीसीवर ठेवा आणि २ अँपिअर वाहत असताना प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे प्रोब टेकवा. हीट श्रिंक (जोडावर तापवून आवळलेली नळी) थोडं मागे सारलं की एक्सटी६० चा सोल्डर कप, म्हणजे वायर सोल्डर करायची वाटी, दिसतो. एका प्रोबने चार्जरकडच्या प्लसचा कप धरा, दुसऱ्याने बॅटरीकडच्या प्लसचा. ४-५ मिलीव्होल्टच्या आत आलं तर जोड ठीक. ६०-७० आलं तर दोषी सापडला. प्रोब प्लसच्याच बाजूला राहतील हे बघा, एक प्रोब घसरून मायनसला लागला तर थेट शॉर्ट होतो. दुसरा प्रोब रिकाम्या स्लीव्हमध्ये घालून फक्त टोक उघडं ठेवलेलं बरं.

तयार लीड

लाल-काळी वायर, एका टोकाला दोन बनाना प्लग, दुसऱ्या टोकाला पिवळा कनेक्टर. दिसायला सगळ्या सारख्याच. उघडून पाहिल्यावर मात्र चार गोष्टी हमखास सापडतात.

पहिली आणि सगळ्यात जास्त आढळणारी म्हणजे कोरडं सोल्डर. वायर कपात बसवलेली, वर सोल्डरचा गोळा, पण कप पुरेसा तापलेला नसल्याने सोल्डर त्याला चिकटलेलंच नसतं. वरून हीट श्रिंक चढवलं की काही दिसत नाही. हीट श्रिंकजवळ वायर धरून हलकेच पिळा. कपात वायर फिरत असेल तर जोड कोरडा आहे.

दुसरी, वायर. वर छापलेलं असतं १४ गेज, आत तांबं १६ गेजचं किंवा त्याहूनही बारीक (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक). सिलिकॉनचं आवरण जाड केलं की वायर जाड दिसते. काही वायरींमध्ये तांबं फक्त वरून असतं आणि आत ॲल्युमिनियम. एक तार ब्लेडने खरवडून पाहा: बाहेर चंदेरी आणि आत लालसर असेल तर कल्हई केलेलं तांबं, चांगलं. बाहेर लालसर आणि आत चंदेरी असेल तर ॲल्युमिनियम, टाकून द्या. लीड उघडायची नसेल तर मीटरने कळतं. २ अँपिअर वाहत असताना ३० सेंमीच्या एका वायरवर ५ मिलीव्होल्ट पडायला हवेत. १२-१५ पडत असतील तर वायर बारीक आहे किंवा भेसळीची आहे.

तिसरी, पिनेचा धातू. छोटं चुंबक टेकवा. पितळ चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि पावसाळ्यात ते गंजणार. अस्सल कनेक्टरवर अमास हे नाव आणि एक्सटी६० ही अक्षरं प्लास्टिकमध्येच उठवलेली असतात, पण तेवढ्यावर भागत नाही, अक्षरांचीही नक्कल होते. हाताची परीक्षा जास्त खरी. नवी अस्सल जोडी काढताना बोटांना चांगलाच जोर लागतो. नवीकोरी जोडी अलगद निघत असेल तर ती परत करा, वापराने ती घट्ट होणार नाही.

चौथी, बनाना प्लग. स्क्रूने वायर आवळणारे प्लग आणि त्यात आधीच सोल्डर पाजलेली वायर, ही जोडी वाईट. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि महिन्याभरात स्क्रू सैल होतो. स्क्रूचाच प्लग असेल तर वायर कोरडी ठेवून आवळा, नाहीतर सोल्डरचे प्लग घ्या.

तयार लीडला पाचपैकी दोन. घाई असेल, कॉलेजचा प्रोजेक्ट उद्या दाखवायचा असेल तर घ्या, वरच्या चार गोष्टी तपासा आणि २ अँपिअरच्या पुढे नेऊ नका.

हाताने जोडलेली लीड

इथे पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो मेहनतीचा. सामान असं: एक्सटी६०एच ची एक जोडी (एच म्हणजे मागे टोपण असलेला), लाल आणि काळी १४ गेजची सिलिकॉन वायर प्रत्येकी ३० सेंमी, सोल्डरचे ४ मिमी बनाना प्लग दोन, हीट श्रिंक, आणि ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) आत राळ असलेलं रोझिन कोअर सोल्डर. हे सोल्डर १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, त्यामुळे हात हलून जोड बिघडण्याची शक्यता कमी. सोल्डरिंग आयर्न ६० वॅटचं, जाड टोकाचं. रेडिओ दुरुस्तीचं २५ वॅटचं आयर्न इथे नुकसान करतं: कप तापायला वेळ लागतो, तोवर उष्णता नायलॉनमध्ये उतरते आणि पिना तिरकी होते.

त्यावर खात्रीचा इलाज म्हणजे सोल्डर करताना जोडीतला दुसरा, वायर नसलेला कनेक्टर त्यात घालून ठेवायचा. प्लास्टिक मऊ झालं तरी पिना सरळ राहतात. सोल्डर करायच्या आधी टोपण आणि हीट श्रिंक वायरीवर सरकवून ठेवा. टोक ३५० ते ३८० अंशांवर. कपात निम्म्याहून थोडं जास्त सोल्डर भरा, वायरीचं सोललेलं टोकही आधी पाजून घ्या. मग कप तापवा, सोल्डर चकाकलं की वायर आत घाला, तीन-चार सेकंद, आयर्न काढा आणि गोठेपर्यंत हात स्थिर. सोल्डर वायरीत वर आवरणाखाली चढू देऊ नका. जिथवर चढतं तिथवर वायर कडक होते आणि पुढे तिथेच तुटते.

ध्रुव चुकवू नका. एक्सटी६० च्या घराची एक बाजू चौकोनी आणि दुसरी कापलेल्या कोपऱ्यांची असते. चौकोनी बाजू प्लस, कापलेली मायनस. घरावर चिन्हं असतात, तीच वाचा आणि पहिल्यांदा बॅटरी लावण्याआधी मीटरने खात्री करा.

वापरतानाचा क्रम एकच: आधी बनाना प्लग चार्जरमध्ये, मग बॅटरी. काढताना आधी बॅटरी. उलट केलं तर बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज असलेले दोन उघडे प्लग हातात लोंबतात, आणि ते एकमेकांना लागले की शॉर्ट.

टूलकिटआरसी किंवा आयएसडीटीच्या नव्या चार्जरना एक्सटी६० थेट पेटीवरच असतो. सुटसुटीत आहे, पण मग झीज लीडची न होता चार्जरच्या पोर्टची होते आणि तो बदलायला चार्जर उघडावा लागतो. अशा चार्जरला १० सेंमीचं छोटं एक्स्टेन्शन कायमचं लावून ठेवा. झिजेल तेव्हा तेवढंच बदलायचं.

जुन्या लीडच्या पिना उघडून पुन्हा घट्ट करता येतात. लीड चार्जर आणि बॅटरी दोन्हींपासून सोडवा, पातळ ब्लेड चिरेत घालून किंचित पिळा, मग आडव्या चिरेतही तसंच. एक-दोनदा जमतं. त्यानंतर पितळ थकतं आणि पाय तुटून बॅटरीच्या नळीत अडकतात. स्वच्छतेसाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि काडीला गुंडाळलेला कापूस. हात धुवायचं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. बॅटरीच्या नळ्या साफ करताना धातूची कोणतीही वस्तू हातात नको.

बॅलन्स प्लग आणि एक्स्टेन्शन

पांढरा जेएसटी एक्सएच प्लग, पिनांमधलं अंतर २.५ मिमी, पिना सेलपेक्षा एक जास्त: ३एस (तीन सेलच्या बॅटरी) ला ४, ४एस ला ५. २२ गेजच्या वायरीसह रेटिंग ३ अँपिअर. संपर्कांना कथलाचा मुलामा असतो, सोन्याचा नाही. कंपनाने तो बारीक घासला जातो आणि काळी भुकटी धरतो. त्यामुळे कधी सेल ०.०० दिसतो, कधी एकदम ४.३.

वाचायची खूण अशी. मधली एक वायर तुटली असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे सेल चुकीचे दिसतात, एक जास्त आणि एक कमी, पण दोघांची बेरीज बरोबर येते. ४.३५ आणि ३.४५ दिसले आणि बाकीचे सेल ३.९० असतील, तर सेल बिघडलेले नाहीत, त्यांच्या मधली वायर सुटली आहे. प्लग चार्जरमधून काढा आणि मीटरने काळ्या वायरीपासून शेजारी-शेजारी मोजा. तिथे सगळे ३.९० आले तर दोष एक्स्टेन्शनमध्ये किंवा चार्जरच्या पोर्टमध्ये. तिथेही गोंधळ असेल तर बॅटरीच्या बाजूला. अशा स्थितीत बॅलन्स न लावता चार्ज करून वेळ मारून नेऊ नका, कारण मग एखादा सेल ४.२० च्या वर गेला तरी चार्जरला कळणार नाही.

सेलचं व्होल्टेज बॅलन्सिंग (सगळे सेल समान करणं) सुरू झालं की उडी मारतं आणि थांबलं की परत येतं, असं दिसलं तर त्या वायरीच्या संपर्कात रेसिस्टन्स आहे. बी६ चा बॅलन्स करंट ३०० मिलीअँपिअर. ०.१ ओहमला ३० मिलीव्होल्टची चूक. १ अँपिअरने बॅलन्स करणाऱ्या मोठ्या चार्जरला हीच चूक १०० मिलीव्होल्टची होते. मोजताना बॅलन्सिंग क्षणभर थांबवणाऱ्या चार्जरवर ही उडी दिसत नाही, तिथे मीटरचाच आधार.

एक्स्टेन्शन चांगली वस्तू आहे, झीज स्वतःवर घेते. पण एकच लावा. एकाला एक जोडून लांबी वाढवली की जोड वाढतात. पाचपैकी चार.

बॅटरीचा बॅलन्स प्लग बदलायचा असेल तर एका वेळी एकच वायर कापा, जोडा, हीट श्रिंक चढवा, मग दुसरी. सगळ्या वायरी एकदम कटरने कापल्या तर कटरचं पातं सगळे सेल एकदम शॉर्ट करतं. जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका, मागे-पुढे ठेवा. फुगलेल्या बॅटरीवर ही मेहनत करूच नये.

सांगली-मिरजेच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात हा प्लग मागितला की बरेचदा 'आरएमसी' किंवा 'रिलीमेट' पुढे येतो. तोही पांढरा, तोही पिनांचा, पण अंतर २.५४ मिमी आणि खाच वेगळी. दोन पिनांना फरक जाणवत नाही, सात पिनांना जवळजवळ पाव मिलिमीटरचा होतो आणि कडेच्या पिना वाकतात. जुना प्लग सोबत न्या आणि तिथेच बसवून पाहा. नाहीतर वायरीसकट तयार एक्सएच प्लग पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीतून आणा किंवा मागवा. लीड आणि कनेक्टरमध्ये बॅटरी नसल्याने कुरियरवाल्यांची हरकत नसते.

पॅरलल बोर्ड असेल तर

पॅरलल बोर्ड म्हणजे अनेक बॅटऱ्या समांतर जोडून एकाच चार्जरने चार्ज करायची पाटी. इथे ढिला एक्सटी६० नुसता त्रासदायक राहत नाही, धोकादायक होतो. बोर्डावर चार बॅटऱ्या आहेत आणि एकीचा मेन कनेक्टर टेकलेलाच नाही, पण बॅलन्स प्लग लागलेला आहे. मग त्या बॅटरीचा सगळा करंट २२ गेजच्या बॅलन्स वायरीतून धावतो. वायर तापते, आवरण वितळतं, शेजारच्या वायरीला लागतं. म्हणून आधी सगळे मेन, प्रत्येक हाताने ओढून पाहिलेला, मग बॅलन्स. बॅटऱ्यांमध्ये सेलमागे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर एकत्र लावू नका. बॅलन्स पोर्टवर फ्यूज नसलेला बोर्ड घेऊच नका. आणि बोर्डाचे एक्सटी६० पिनांच्या बाजूचे असतात, म्हणजे झिजणारी बाजू तीच. वर सांगितलेली मिलीव्होल्टची तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक पोर्टवर करा, आणि जो पोर्ट नापास होईल त्यावर लाल टेप लावून तो बंद ठेवा.